हलणारा गोळा

म्हातारा रंगारी शर्टाची बटणं लावत स्कॅनच्या खोलीतून आला आणि बाकावर बायकोशेजारी टेकला. पुढचा नंबर असलेल्या मास्तरीणबाईंनी डोळे पेपरात ठेवले, कान मात्र तिकडेच.

“आधी उताणं निजवलं, मग पालथं.”

“ते कशाला?”

“छातीतला गोळा हलतो का बघायला. हलला.”

“अगं बाई! म्हणजे कॅन्सर?”

“उलट. कॅन्सरची गाठ अशी घरंगळत नाही, म्हणाले डॉक्टर. जुन्या टीबीच्या पोकळीत बुरशीनं घर केलंय.”

“बुरशी! जन्मभर लोकांच्या भिंतींची खरवडलीत. आपल्या मोरीची भिंत खरवडा म्हणून वीस वर्षं घसा फोडतेय मी!”

“बरं, उद्याच खरवडतो.”

“खबरदार हात लावाल तर! मी रंगारी बोलावते.”