सांधा उघडल्याशिवाय न्हाई

—न्हाई साहेब, नुसता गॅस भरून मिळनार न्हाई. ह्या खाजाभाईच्या दुकानात ते काम होत न्हाई, घोडेगावात कुनालाबी विचारा. तीन महिन्यांत तीनदा भरला म्हनता — मग गेला कुठं? एसीचा गॅस काय पेट्रोल हाय, जळून संपायला? बंद नळीत फिरत राहतो तो. कमी झाला म्हंजी कुठंतरी गळतोय. एवढं त्या भरनाऱ्याला कळत न्हाई? कळतं. बघायचं न्हाई त्याला.

वाका जरा इकडं. नळीत नायट्रोजन दाबून सोडलाय, वरून साबनाचं पानी. त्या सांध्यावर बुडबुडे — दिसले? आतलं रबराचं कडं सुकलंय. ते बदलायचं, परत दाबावर ठिवायचं, आतली हवा अन् ओल मशीननं ओढून काढायची, मग वजन करून गॅस. दोन तास. शिंगणापूरचं दर्शन दोन तासांनी घ्या.

जामखेडात भरला? स्टँडसमोर? उंच, चष्मेवाला — हां, आदिल. त्याला मी मेकॅनिक म्हनत न्हाई. ट्यूबात हवा मारावी तसा गॅस मारतो. हात बघितले त्याचे? कारकुनासारखे. काम करनाऱ्याचे असे असतात व्हय? ओळखतो म्हंजी काय — धाकटा भाऊ हाय माझा. मीच शिकवला. न्हाई, बोलत न्हाई आमी. सात वर्सं झाली.

तवा दुकान नगरात हुतं. मे महिना. जामखेडचे कानिफनाथ म्हनून एक, आईला हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी न्यायला निघाले. आक्काबाई. मागच्या सीटवर पडून हुत्या. गार हवा यीना म्हनून गाडी आमच्याकडं लावली. आदिल म्हनला, भाईजान, सांधा गळतोय, उघडतो. मला सासुरवाडीला जेवायला जायचं हुतं — जेवायला, साहेब. म्हनलं, मार गॅस अन् सोड गाडी. जामखेडच्या वाटंवर कडा गाव हाय, त्याच्या पुढं एसी बंद. दुपारचा एक. म्हातारीचा जीव घाबरा झाला, तशीच माघारी दवाखान्यात. चौथ्या दिवशी गेल्या. आता उन्हानं गेल्या का ऑपरेशननं — अल्लाला ठाऊक.

कानिफनाथ दुकानात आले. आरडाओरडा न्हाई, काई न्हाई. एवढंच इचारलं, गॅस कुनी भरला? अन् मी आदिलकडं बोट केलं. खोटं न्हाई बोललो. भरला त्यानंच हुता.

त्यानं माझ्याकडं बघितलं. कानिफनाथांपुढं हात जोडले, पाने पिशवीत टाकले अन् गेला. तवापासून त्यो सांधा उघडत न्हाई, लोक म्हनतात. अन् मी उघडल्याबिगर गाडी सोडत न्हाई. लई नाव हाय माझं, त्यापायी…

काय बघताय? तिकडं सावलीत बसा जावा. गाडीपाशी उभं राहू नका.