फाशाचं बरोबर उत्तर

सर : दोन, पाच, पाच, एक, सहा, तीन, चार, एक, दोन, सहा. अख्ख्या वर्गाने हेच लिहिलं. तू एकटीने सहा, एक, चार आणि पुढे काय वाट्टेल ते. आणि वर तोंड करून विचारतेस, सर, मला प्रॅक्टिकलमध्ये नापास का केलं?

विद्यार्थिनी : सर, प्रश्न असा होता की फासा दहा वेळा टाकणारा प्रोग्राम चालवा आणि कोणते आकडे पडले ते लिहा. मला जे पडले ते मी लिहिले.

सर : पण चुकीचे पडले!

विद्यार्थिनी : फासा चुकीचा कसा पडेल?

सर : कसा म्हणजे? विभागाच्या पुस्तिकेत प्रोग्राम छापलाय, त्याखाली उत्तर छापलंय. इतकी वर्षं सगळ्यांचं जुळतंय. तुझ्यापाशीच घोडं का पेंड खातं?

विद्यार्थिनी : मी प्रोग्राम चालवला म्हणून.

सर : मग बाकीच्यांनी काय केलं?

विद्यार्थिनी : पुस्तिका उघडली.

मॅडम : काय चाललंय? कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू येतंय.

सर : बरं झालं मॅडम आलात. आता विभागप्रमुखांनीच निवाडा करावा. हिला सोपा प्रयोग जमला नाही, आणि म्हणते पुस्तिकाच चुकली.

मॅडम : तू तीच ना, बँकेत निवड झालेली?

विद्यार्थिनी : हो मॅडम. एका विषयात जरी राहिले तरी घेणार नाहीत.

मॅडम : मग वाद कशाला? सर, मशीन चालू करा, बघू काय येतंय.

सर : मशीन? मॅडम, आत्ताच सगळ्यांवर नवी कव्हरं घातलीत. काढली की धूळ बसते.

मॅडम : विद्यार्थी बसत नाहीत, निदान धूळ तरी बसू दे.

(सर एका मशीनवरचं कव्हर काढतात, त्याची नीट घडी घालतात आणि पुस्तिकेतला प्रोग्राम चालवतात.)

सर : हे बघा! दोन, पाच, पाच, एक, सहा... शेवटी दोन, सहा. आहे का काही शंका?

विद्यार्थिनी : परत चालवा, सर.

सर : दोन, पाच, पाच, एक. आणखी एकदा हवंय? घे. दोन, पाच, पाच. याला म्हणतात शिस्त.

विद्यार्थिनी : याला म्हणतात चूक. फासा दर वेळी त्याच क्रमाने कसा पडेल? हा फासा नाही सर, पाढा आहे.

सर : पाढे पाठ असले की आयुष्यात कुठे अडत नाही.

विद्यार्थिनी : यात एक ओळ राहिलीय. आपण फासा हातात खुळखुळवून टाकतो. मशीनला ते वेगळं सांगावं लागतं, की आधी घड्याळ बघ आणि जी वेळ असेल तिथून सुरुवात कर. मी ती ओळ घातली. मग दर वेळी वेगळे आकडे येतात.

सर : घड्याळ अभ्यासक्रमात नाही.

मॅडम : सर, थांबा जरा. म्हणजे प्रोग्राम बरोबर असेल तर वर्गात प्रत्येकाचं उत्तर वेगळं यायला हवं?

विद्यार्थिनी : हो.

मॅडम : आणि सगळ्यांचं सारखं आलं, म्हणजे...

विद्यार्थिनी : एकतर कोणी मशीनला हात लावला नाही, नाहीतर लावूनही चूक दिसली नाही.

मॅडम : म्हणजे तू पास, आणि वर्ग नापास.

सर : नुसता हा वर्ग? मॅडम, गेल्या वर्षीचा, त्याच्या आधीचा! मीसुद्धा याच विभागातून बाहेर पडलो. मला या प्रयोगात पैकीच्या पैकी होते.

मॅडम : हळू बोला.

सर : आपणही इथल्याच ना, मॅडम?

मॅडम : आधी ते दार लावा.

सर : लावलं.

मॅडम : हे बघ बाळ, तू हुशार आहेस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

विद्यार्थिनी : मग बरोबर आहे असं म्हणा.

मॅडम : तसंही म्हणत नाही. पुस्तिका दुरुस्त करायची तर समिती नेमावी लागते. तिचा अहवाल येईपर्यंत सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवावा लागेल. त्यात तू आलीस.

विद्यार्थिनी : किती दिवस लागतील?

सर : मागची समिती या लॅबमध्ये पंखा कुठे लावायचा ते ठरवायला नेमली होती. तुला उकडतंय ना?

विद्यार्थिनी : माझी रूममेट याच वर्गात आहे. तिच्या घरचे तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेत.

मॅडम : राखून ठेवायचा म्हणजे सगळ्यांचाच. नाहीतर हा कोरा कागद घे. पुस्तिकेतलं उत्तर लिही. मी उभ्या उभ्या सही करते, तू पास, सगळे पास. कोणाचं काही बिघडत नाही.

विद्यार्थिनी : फाशाचं बिघडतं.

मॅडम : फाशाला नोकरी करायची नाहीये.

विद्यार्थिनी : ...पेन द्या.

सर : शाब्बास! लिही. दोन, पाच, पाच...

विद्यार्थिनी : सांगू नका, सर. पाठ झालेत.

मॅडम : झालं? दे, सही करते. चला, मला बैठकीला उशीर होतोय. विद्यार्थ्यांमध्ये प्रश्न विचारायची वृत्ती कशी वाढवावी, यावर कुलगुरूंपुढे बोलायचंय.

सर : या, मॅडम. दार ओढून घ्या. ...बघू गं तुझा कागद. वा, अक्षरही काय सुंदर आलंय. आता राग धरू नकोस, बाई. व्यवहार म्हणून काही असतो. बँकेत काम काय देणारेत?

विद्यार्थिनी : कोणाला पैसे पाठवताना मोबाईलवर सहा आकडे येतात ना...

सर : ओटीपी! परवाच वीजबिल भरताना आला.

विद्यार्थिनी : हो, तोच. ते आकडे तयार करणाऱ्या प्रोग्रामवर.

सर : म्हणजे आपलाच प्रयोग! बघ, इथलं शिक्षण कधी वाया जात नाही.

विद्यार्थिनी : तिथे एकच नियम आहे, सर. पुढचा आकडा कोणता येणार, ते कोणालाही आधी सांगता येता कामा नये.

सर : हं. ...बँक कुठली म्हणालीस?

विद्यार्थिनी : विद्यापीठाच्या फाटकासमोर शाखा आहे ती.

सर : माझा पगार तिथेच जमा होतो.

विद्यार्थिनी : सगळ्या विभागाचा होतो. मॅडमचाही.

सर : असं. ...हे बघ बाळ, तिथे मात्र तू म्हणत होतीस तसंच कर हं.