दार लावून घेतलेले नाव

जबाब

मी, नाइसुला सिरोंका, वय ३४ वर्षे, काम – नदीकाठच्या सफारी लॉजवर पाहुण्यांना वाढणे, राहणार ओलकेरी, मारा, केनिया. चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मयत हा माझा धाकटा भाऊ. त्याच लॉजवर तो पाहुण्यांचा राखणदार होता. आम्हा मासाईंत गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत, घरच्यांनी तर नाहीच. म्हणून मी त्याला इथे भाऊच म्हणते.

काल सकाळी नेहमीप्रमाणे पाहुण्यांची न्याहारी माळावर मांडली होती. पांढरीशुभ्र टेबले, चांदीचे चमचे, कापलेली पपई. मी कॉफी ओतत होते. भाऊ भाला टेकून उभा होता आणि मला चिडवत होता. "ताई, तुझी कॉफी पिऊन साहेब आता आठवडाभर झोपत नाहीत बघ." मी म्हटले, "तुला उभं राहण्याचाच पगार आहे ना? मग गप उभा राहा."

एवढ्यात लुंड नावाचे वयस्कर पाहुणे कॅमेरा घेऊन झुडपांकडे निघाले. भावाने हाक मारली. "एकच फोटो," म्हणून त्यांनी हात हलवला. भाऊ मागे धावला. झुडपातून एकांडा रानरेडा बाहेर आला. भावाने पाहुण्यांचा दंड धरून त्यांना गाडीकडे ढकलले आणि स्वतः मध्ये उभा राहिला. त्याला पळता आले असते. आमच्या घरात त्याच्याइतके जोरात कोणी पळत नाही. पुढचे मी पाहिले आहे. ते सांगणार नाही.

पाहुण्यांची धक्क्याने वाचा बसली होती. त्यांना लगेच विमानाने नैरोबीला नेले.

दुपारी मॅनेजर मुचिरी आले. ते शहरातले, नवीन आहेत. त्यांनी आम्हा सगळ्यांना एका रांगेत उभे करून विचारले, "पाहुण्यांजवळ कोण थांबलं होतं? नाव सांगा." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. 'जो गेला तोच' एवढे म्हणायचेही कोणाला सुचले नाही. ते म्हणाले, "म्हणजे कोणीच नाही. तो पळत सुटला असणार, तेव्हाच रेड्यानं गाठलं." तसेच त्यांनी चौकीला लिहून पाठवले. त्याचा मान राखायला आम्ही गप्प बसलो आणि त्यालाच पळपुटा करून ठेवले. मला मॅनेजरांपेक्षा स्वतःचा राग येतो. उद्या पाणवठ्यावर माझ्या आईला पळपुट्याची आई म्हणतील.

अंगावर चादर घालताना मी पाहिले. जखम छातीवर आहे. पाठीवर ओरखडासुद्धा नाही.

जबाब लिहून घेणारे चौकीतले कॉर्पोरल ओकुमु म्हणाले, "ताई, लॉजच्या कागदावर नुसतं 'सायमन' आहे. पाहुण्यांना सोपं जावं म्हणून ठेवलेलं. तिथं सायमन दोन आहेत. खरं नाव तुमच्याच तोंडून यायला हवं."

आई बाहेर बाकावर बसली होती. मी उठून दार लावले. मग सांगितले.

मयताचे नाव लेशान सिरोंका. पाहुण्यांजवळ तोच होता. तो पळाला नाही.

दार उघडल्यावर आईने विचारले, "घेतलंस?" मी म्हटले, "घेतलं." ती आत येऊन माझ्याशेजारी बसली.

हा जबाब आईसमोर मला आमच्या भाषेत वाचून दाखवला. नावापाशी कॉर्पोरल साहेब थांबले. आई म्हणाली, "वाचा. मोठ्यानं वाचा." त्यांनी वाचले. माझ्या सांगण्याप्रमाणे सर्व बरोबर आहे.