रिकाम्या हातानं ये!

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी, आणि मला सांगा. एखाद्याला वाटखर्ची देऊन आपण शिकायला धाडलं, तर येताना त्यानं आपल्यासाठी काय आणायचं? काय? पेढे? वा! मागून कोण बोललं ते? बसा, बसा, आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे!

पिंपरवाडीत एक तुळशीराम गुरव होता. भैरोबाच्या देवळात सनई वाजवायचा. बोटं गोड, पण दम अपुरा. आरती रंगात आली की ह्याची सनई मध्येच तुटायची — श्वास घ्यायला थांबावंच लागायचं ना! लोकांना त्याचं काही नव्हतं. पण देवापुढं सूर तुटला, हे तुळशीरामाला फार लागायचं.

मग कळलं, साताऱ्यात सनईवाल्यांचं शिबिर आहे. सूर न तोडता श्वास कसा घ्यायचा, ते एक जुने गुरुजी शिकवणार. गावात बातमी फुटली. "शिबिर? डोळ्यांचं का रक्ताचं?" — अहो, शिबिर म्हटलं की आपल्याला दुसरं काय ठाऊक! पण गाव मनानं मोठं. भैरोबाच्या थाळीतून एसटीचं आणि जेवणाचं भागेल एवढी वाटखर्ची दिली, वर नारळ दिला. आणि निघताना जो तो म्हणाला, "तुळशा, परसाद आण बरं का!"

देवाला जाऊन आलेला माणूस प्रसाद आणतो, मग गावानं धाडलेला नाही आणणार? गाव सहज बोललं. पण तुळशीरामाच्या डोक्यात ते घर करून बसलं. गुरुजी राग सांगतायत, आणि हा मनात गावातली घरं मोजतोय! एक वेळ जेवतोय, पेढ्यांसाठी पैसे मागं टाकतोय. शेवटच्या दिवशी गुरुजी म्हणाले, "दुपारी श्वासाचं सांगतो." आणि दुपारी तुळशीराम कुठं? कंदी पेढ्यांच्या दुकानापुढं, रांगेत! संध्याकाळी एसटी होती, मग पेढे घ्यायचे कधी?

हसताय? हसा. गावही आनंदात होतं. दुसऱ्या दिवशी घरोघरी पेढा पोचला, वाहवा झाली. संध्याकाळी आरती उभी राहिली — आणि सनई जिथं तुटायची तिथंच तुटली!

खांबाला टेकून गिरजाआत्या बसली होती. म्हातारी, पण कान तिखट! म्हणाली, "तुळशा, काय शिकलास रं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आत्या, गुरुजी श्वासाचं शिकवत हुतं, तवा मी पेढं घेत हुतो."

आत्याच्या हातात अर्धा पेढा तसाच राहिला. "ह्यो पेढा लई महाग पडला की रं," ती म्हणाली. "आन् चूक तुजी न्हाई. मागणारी तोंडं आमची."

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा लागलं. थाळी फिरली तशी कुरकुर झाली — त्यालाच परत कशाला? आत्या कडाडली, "पेढं खाताना ग्वाड लागलं न्हवं? मग टाका आता!" आणि तुळशीरामाला म्हणाली, "रिकाम्या हातानं ये. काय आणलंस तर देवळात पाय ठिवू द्यायची न्हाई!"

गुरुजींनी पेल्यात पाणी दिलं, पपईच्या देठाची नळी दिली. नळीतून फुंकायचं, नाकानं श्वास घ्यायचा, पण बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत! नाकातोंडात पाणी गेलं, गाल दुखले. पण ह्या खेपेला डोक्यात पेढे नव्हते.

परत आला तेव्हा आत्या देवळाच्या पायरीवरच उभी. "हात दाव!" त्यानं दाखवले. रिकामे! आरती सुरू झाली. सनई नेहमीच्या जागेपाशी आली, लोकांनी सवयीनं कान टवकारले — आणि सूर तसाच पुढं गेला! आरती संपली तरी तुटला नाही. आत्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली, प्रसादाला करतात ना, तशी. आणि डोळे मिटून बसून राहिली.

आता आपल्याकडं बघू. आपली शेवंता — शाळेच्या भिंतीवरची चित्रं काढणारी — कोल्हापूरला चित्रकारांच्या शिबिराला निघालीय. पोरगी ही इथंच बसलीय. थाळी फिरेल. जमेल त्यानं टाका, नाही जमलं तर तिला तोंडभरून आशीर्वाद द्या. पण "येताना काय आणशील" हे विचारायचं नाही!

चला, थाळी मागून सुरू करा. पेढेवाले, तुमच्यापासून!