आत्या आणि बोंबील एकाच दोरीवर

आईशपथ खरं सांगतो. म्हणजे आत्याच्या विहीणबाईंचं फोनवरचं बोलणं मी बाजूला बसून ऐकलं, तेवढं जरा इकडेतिकडे असेल.

मी सीएसएस शिकत होतो, वेब पेज सजवायचं ते. सरावाला रेवसच्या आत्याच्या सुक्या बोंबलांचं पेज बनवलं. आत्या म्हणाली, "मेल्या, बोंबलांची तोंडं खाली कशी? आपण जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतो, शेपट्या खाली. विहीणबाई बघतील तर हसतील."

फोटोच मी उलटे काढलेले. म्हटलं, एका ओळीचं काम. लिहिलं, पेजवरचे सगळे फोटो उलटे फिरव. बोंबील सरळ झाले.

आत्याने लगेच उरणच्या नव्या विहीणबाईंना लिंक पाठवायला लावली. भाव खायचा होता. दोन मिनिटांत त्यांचा फोन, "बाय, तुमी उलट्या का लटकल्यात?"

पेजवर आत्याचाही फोटो होता. अंबाड्यात अबोली, नाकात नथ, डोकं खाली.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चपलेकडे. मग ती शांतपणे फोनवर म्हणाली, "भाचा शिकतो हाय माझा. मी सुकले की उतरवील."

खोटं वाटतं तर फोनवर पेज उघडून बघ, आत्या अजून सुकतेय. पटलं? मग चहाचे तू दे.