खिडकीशी धरलेलं पाकीट

(डेन्मार्कमधल्या ओडेन्सचं इस्पितळ. आयनर या रुग्णाच्या हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच आटोपली आहे. भूलतज्ज्ञांच्या खोलीत डॉ. टॉर्किल आणि त्याची जुनी विद्यार्थिनी डॉ. सिड्सेल.)

टॉर्किल: दार लाव आधी. आणि हळू बोल.

सिड्सेल: हळूच बोलतेय. सकाळी तू आपल्या अभ्यासातल्या सोडतीचं बंद पाकीट खिडकीशी धरलंस, उजेडात आतली चिठ्ठी वाचलीस, ते परत ठेवलंस आणि दुसरं काढलंस. मी दारात उभी होते, टॉर्किल.

टॉर्किल: आयनर ऐंशीचे आहेत. त्यांना वायूची भूल निघाली होती.

सिड्सेल: मग वायूच द्यायचा! चिठ्ठीत निघेल ते द्यायचं, एवढंच तर आपलं ठरलं होतं. तू शिरेतून दिलीस.

टॉर्किल: दोन्ही औषधं चांगली आहेत. रोज देतो आपण. कुणाचं वाईट केलं मी?

सिड्सेल: म्हणजे म्हातारे, थकलेले सगळे तू शिरेच्या गटात ढकलतोयस. धडधाकट वायूच्या. मग वायूवाल्यांना दाह कमी दिसणारच की!

टॉर्किल: कमी असतोच तो. इतकी वर्षं डोळ्यांनी बघतोय मी. आकड्यांत उतरत नव्हतं, इतकंच.

सिड्सेल: कदाचित तसं नसेलच, म्हणून उतरत नसेल.

टॉर्किल: तुला शिकवलं कोणी, हे विसरू नकोस.

सिड्सेल: तेच तर विसरता येत नाहीये. माणसांना मी पटवलं रे! एकेकाच्या खाटेशी बसून. रक्त यंत्रातून फिरवलं की सगळं अंग पेटून उठतं, कुठल्या भुलीनं ते कमी पेटतं ते बघतोय. तुमची भूल चिठ्ठी ठरवेल, डॉक्टर नाही. आयनर हसले. म्हणाले, सोडतीत मला आजवर काही लागलेलं नाही.

टॉर्किल: कसे आहेत आता?

सिड्सेल: ताप चढलाय. रक्तदाब टिकत नाहीये.

टॉर्किल: वायू दिला असता तरी झालं असतं हे.

सिड्सेल: झालं असतं, नसतंही. आता ते कधीच कळणार नाही. त्यांचंही नाही, बाकीच्यांचंही नाही.

टॉर्किल: वर कळवणार आहेस?

सिड्सेल: कळवून आले.

टॉर्किल: मला एकदा विचारायचंस तरी.

सिड्सेल: तू विचारलं होतंस मला?

टॉर्किल: ...रविवारी आमच्याकडे जेवायला येतेयस ना? बिर्गिट तुझ्यासाठी बदक भाजणार आहे.

सिड्सेल: नाही.

टॉर्किल: तिला काय सांगू मी?

सिड्सेल: मला नाही माहीत. मी आयनरच्या बायकोकडे चाललेय. बाहेर बसल्यात त्या. त्यांना अजून वाटतंय, चिठ्ठीनं ठरवलं.