आईने सोपवलेलं बेसांव

मी वसईची, भुईगावची. मी सात वर्षांची असताना पपा वारले, दारूने, आता ते काय लपवायचं, आणि तेव्हा रीना आईच्या पोटात होती. आई नर्स. तिच्याबरोबरच्या दोघी-तिघी सिडनीला आल्या होत्या, त्या म्हणाल्या ये गं, इकडे नर्सला मान आहे, तर तिने परीक्षा दिली, कागदपत्रं केली आणि आम्हा दोघींना घेऊन ती इकडे आली. मी नुकतीच चौथी पास झाले होते, मराठी शाळेत. माझी खरी शाळा म्हणाल तर तेवढीच. नंतर इकडे बऱ्याच शाळांत बसले, पण नुसती बसले, वर्गातल्या पोरींची नावं पाठ होईपर्यंत दुसऱ्या शाळेत, मग तिसऱ्या. ते का, तेच सांगते.

वेंटवर्थव्हिलला आमचं दोन खोल्यांचं युनिट होतं, खाली इंडियन दुकान, जिन्यात सारखा अगरबत्तीचा वास. आईची शिफ्ट नसली की संध्याकाळी आम्ही रोझरी म्हणायचो, गावाला म्हणायचो तशीच, आणि रोझरी संपली की बेसांव. तुम्ही वसईकडच्या नसाल तर सांगते. प्रार्थना झाली की लहानांनी मोठ्यांपुढे जायचं, हात जोडून म्हणायचं बेसांव दे, मग मोठं माणूस अंगठ्याने कपाळावर क्रूस काढतं, देव बरं करो म्हणतं, आणि लहानाने त्या हाताचा मुका घ्यायचा. बस, एवढंच. गावाला तर भांडण झालेलं असलं तरी बेसांव चुकायचं नाही, आजी रागाने फुगलेली असायची तरी अंगठा पुढे करायचीच. रीना अडीच-तीन वर्षांची, तिला खेळ वाटायचा, ती आईचा हात चाटायची आणि हसायची.

वर्षसुद्धा झालं नाही आणि आई आजारी पडली. पोटात दुखतं म्हणायची. दुसऱ्यांची दुखणी बघणारी बाई, स्वतःचं बघायला गेली तेव्हा उशीर झाला होता. चर्चमधल्या मावश्या डबे आणायच्या, कोण कोलिम, म्हणजे बारीक जवळा, कोण वरणभात, कोणी मला शाळेत सोडायचं. शेवटी आईला हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे एकदा मला जवळ बोलावून ती म्हणाली, एल्सी, मी नसले की घरात मोठी तूच. रोज संध्याकाळी रीनाला बेसांव देत जा. तिला एकटी सोडू नकोस. मी हो म्हटलं. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं ती महिनाभराने घरी येईल तोपर्यंतचं सांगते आहे.

आई गेल्यावर पोरक्या पोरांचं बघणारी सरकारी केसवर्कर आली, मिशेल नावाची, केस एकदम पांढरे पण वय कमी. तिने विचारलं, कोणी मावशी, आत्या आहे का इथे. मी सगळ्या मावश्यांची नावं सांगितली. तिने फोन केले. प्रत्येकीने सांगितलं, आम्ही नात्यातल्या नाही. खोटं नव्हतं ते. त्यांचेही व्हिसे टांगलेले, लहान घरं, कोण घेणार दोन पोरी. मग वसईला काकांना फोन लावला. काका म्हणाले, मोठी चालेल, घरात हाताखाली होईल, लहान नको. मिशेल म्हणाली, नाही, बहिणींना आम्ही वेगळं करत नाही. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या हाताचाच मुका घेणार होते.

पेनरिथच्या पलीकडे जुडी म्हणून एक बाई होती, सरकारकडून आलेली पोरं सांभाळायची, तिच्या घरी आम्हाला ठेवलं. जुडी वाईट बाई नव्हती, हे मला सांगायलाच हवं. कपडे घेऊन दिले, रीनाला मांडीवर घेऊन कार्टून बघायची. पण आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठून पांढरी झाली तर ती खराब झाली म्हणून तिने फेकून दिली, आणि पोरींच्या डोक्यात तेल नको, वास येतो म्हणाली. मला इंग्रजी समजायचं पण तोंडातून निघायचं नाही. मी आधीच लाजरी, त्यात ते. जुडी काही विचारायची आणि मी येस म्हणायची, मग नो म्हणायची जागा असली तरी येस.

संध्याकाळी मात्र मी दार लोटून घ्यायची, रीनाला पलंगावर गुडघ्यांवर बसवायची, एक नमो मारिया म्हणायची, मग रीना हात जोडून म्हणायची बेसांव दे, मी तिच्या कपाळावर अंगठा फिरवायची, ती माझ्या हाताचा मुका घ्यायची. कधी कंटाळली तर मी दटावायची, आईसुद्धा दटावायची. एकदा जुडी धुतलेले कपडे ठेवायला आत आली. तिला काय दिसलं बघा. चार वर्षांची पोर गुडघ्यांवर, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी कारण मी नुकतीच रागावले होते, आणि मोठी बहीण स्वतःचा हात तिच्या तोंडासमोर धरून उभी.

जुडीने रीनाला उचलून बाहेर नेलं. मला म्हणाली, ती तुझी नोकर आहे का? मी म्हटलं, मॉम सेड. दुसरं काही आलंच नाही मला. मॉम सेड, मॉम सेड. आजही मी मनात ते वाक्य नीट इंग्रजीत जुळवते, आता मला सगळं येतं, आता काय उपयोग.

पुढच्या आठवड्यात मिशेल मला बर्गर खायला घेऊन गेली. चिप्स माझ्याकडे सरकवत म्हणाली, एल्सी, तुझ्यावर फार ओझं आहे, तू स्वतः लहान आहेस, तुला आई व्हायची गरज नाही. आणि रीनाला एक खरी आई मिळायला हवी, नाही का? ती तुला घाबरते आहे गं. कॅनबेराला एक फार चांगलं जोडपं आहे. इतकं गोड बोलून माझ्याकडून कोणी काही नेलं नव्हतं. मी म्हटलं येस.

रीनाचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलं. ती गाडीत बसताना हसत होती, तिला वाटलं मीपण येते आहे.

त्यानंतर माझी घरं बदलत गेली. कोणाकडे फ्रीजला कुलूप होतं. कोणाकडे मी वर्षभर राहिले आणि त्यांना स्वतःचं बाळ झालं, मग खोली हवी झाली. दर वेळेला तीच काळी पिशवी. आंघोळीला गेले की शॉवर सोडून मी मराठीत बोलायची, कोणाशी म्हणाल तर कोणाशी नाही, तेराचा पाढा म्हणायची, रीनाला हाक मारायची. पाण्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही.

रीना गुंगालिनला राहायची, कॅनबेराच्या टोकाला. दोन-तीन महिन्यांनी आमची भेट असायची, खेळणी ठेवलेल्या एका खोलीत, कोपऱ्यात ऑफिसची बाई बसलेली, आमच्याकडे बघत लिहिणारी. पहिल्या भेटीत रीना मला बिलगली. दुसऱ्या भेटीत मराठीतलं विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. पुढे ती त्या जोडप्यातल्या बाईला मम म्हणायला लागली, त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही, बाई तिचे केस छान बांधायची. पण निघताना मी आपला अंगठा पुढे केला की ती उभी राहायची, कपाळ द्यायची, तेवढं अजून होतं. मग एकदा मी हात पुढे केला आणि ती मागे सरकली, दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. म्हणाली, डोन्ट. दॅट्स द बॅड थिंग.

कोणी का शिकवलं असेना, मी कोणाला दोष देत नाही. कोपऱ्यातली बाई लिहीत होती. मी हात खिशात घातला. त्यानंतर कितीही भेटी झाल्या तरी मी हात खिशातून काढला नाही, आणि मग रीनाच म्हणाली की तिला यायचं नाही, तर भेटी बंद झाल्या. आईला मी हो म्हटलं होतं. ते हो तिथे संपलं, असं मी धरून चालले.

अठरा झाल्यावर केअर, म्हणजे सरकारने सांभाळणं, संपतं. हातात एक फोल्डर देतात, एक केक कापतात. मी ब्लॅकटाउनला एका मुलीबरोबर खोली घेतली आणि वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये कामाला लागले, अजून तिथेच आहे. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. ते काम मला जमतं, तिथे फार बोलावं लागत नाही. तिथे वसईच्या एक आजी आल्या, ख्रिस्तीन आजी, त्यांचं डोकं गेलं होतं, इंग्रजी सगळं विसरल्या होत्या, म्हणून मला त्यांच्याकडे दिलं. मी त्यांना स्वतःची मुलगी वाटायची, मला मेरी म्हणायच्या. त्यांच्याशी बोलता बोलता माझं मराठी परत आलं, तुम्ही ऐकता आहात ना, हे त्यांच्यामुळे. एका संध्याकाळी मी त्यांची चादर नीट करायला वाकले तर आजींनी हात उचलून माझ्या कपाळावर क्रूस काढला. देव बरं करो गो मेरी. आई गेल्यानंतर मला कोणी बेसांव दिलं नव्हतं. मी चादरींच्या खोलीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले, मग हात धुतले आणि पुढच्या खोलीत गेले. आजी आता नाहीत.

गेल्या वर्षी फोन आला. कॅनबेराहून, केसवर्करचा. मला वाटलं रीना मेली. मेली नव्हती. रीनाला मुलगी होती, एव्ही, तीन वर्षांची, आणि रीना आइसच्या नादाला लागली होती, नशा करायची, मुलीचा बाप तर कधीचाच गेला होता. तिच्या त्या ममशी तिने सोळाव्या वर्षीच सगळं तोडलं होतं. एव्हीला कुठेतरी ठेवायचं तर आधी नात्यातलं माणूस शोधतात आता. केसवर्कर म्हणाली, रीनाने एकच नाव दिलं. तुमचं. त्यांच्याजवळ तुमचा पत्ताही नव्हता, फक्त नाव.

मी हो म्हटलं. या वेळेला विचार करून.

एव्ही आली ती काळी पिशवी घेऊनच. मी दुसऱ्याच दिवशी चाकांची पिवळी बॅग आणली आणि ती पिशवी डब्यात टाकली. पोर पलंगाखाली पाव लपवते, मी बोलत नाही, मीही लपवायची. तिला खोबरेल लावते, थंडीत बाटली गरम पाण्यात धरते. रोझरी म्हणते मी, ती शेजारी गाड्या खेळते. बेसांव मात्र मी तिला देत नाही. तिची आई आहे ना जिवंत.

एका आड एक शनिवारी रीना बसने येते. परत खोली, परत खेळणी, परत कोपऱ्यात कोणीतरी. पहिल्यांदा मी तिला ओळखलंच नाही, इतकी सुकलेली, दात खराब झालेले, पण चालणं आईचं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आता तुला खरी मुलगी मिळाली, झालं समाधान? पोरीने जोडलेला ठोकळ्यांचा मनोरा पडला, आम्ही दोघी तो उचलायला वाकलो, तेवढंच आमचं झालं.

मग हळूहळू. एकदा ती म्हणाली, तू मला गुडघ्यांवर बसवायचीस, मला आठवतं. मी म्हटलं, हो. म्हणाली, का? तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, आजी, भुईगाव, आईचं हॉस्पिटल, जुडी कपडे घेऊन आत आली ते. इंग्रजीतच सांगितलं, या वेळी नीट. म्हटलं, ती शिक्षा नव्हती गं, आईने तुझ्यासाठी माझ्या हातात ठेवलं होतं ते. रीना ठोकळे रचत राहिली, एकावर एक, आणि म्हणाली, मग एव्हीला तू देतेस ना रोज? मी म्हटलं, नाही, ते तुझं आहे. तू इथे असशील तेव्हा तू दे.

मध्ये ती दोन भेटींना आलीच नाही. पुन्हा घसरली होती. एव्ही पिवळी बॅग घेऊन खिडकीशी बसली होती, त्या दिवसाचं मी सांगत नाही.

या शनिवारी आली. उपचार घेते आहे म्हणते, केसांना तेल लावलेलं होतं, कुठून आणलं असेल. निघायच्या वेळेला तिने एव्हीला समोर उभं केलं आणि मला विचारलं, कोणता हात? मी म्हटलं उजवा. तिने क्रूस उलटा काढला, आधी आडवा मग उभा, मी दुरुस्त केलं नाही. एव्हीने हात चाटला आणि हसली. कोपऱ्यातली मुलगी लिहीत होती, तिला मी आधीच समजावून सांगितलं होतं काय आहे ते.

एव्हीबद्दल कोर्ट काय म्हणेल, रीना टिकेल की नाही, मला माहीत नाही. टिकली तर एव्ही जाईल आणि घर रिकामं होईल, नाही टिकली तर मी आहे. मी दोन्हीची तयारी ठेवली आहे. आम्हाला तयारी ठेवायला कोणी शिकवायला लागत नाही.

दाराशी जाऊन रीना परत फिरली. म्हणाली, आणि तुला कोण देतं?

मी म्हटलं, कोणी नाही, घरात मोठी मीच. तर ती आली आणि तिने माझ्या कपाळावर अंगठा टेकवला. लहानाने मोठ्याला बेसांव देत नाहीत. भुईगावला कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पण तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. मी हात जोडले, वाकले, आणि तिच्या हाताचा मुका घेतला.